बिनवासाचं घर

त्याने कागदाची अरुंद पट्टी बाटलीत बुडवली, काचेच्या काठाला टेकवून जास्तीचा थेंब निथळू दिला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने ती पट्टी मांजराच्या खोक्याला अडकवली. मग दोन पावलं मागे सरकून, डोळे मिटून त्याने हवा हुंगली. निलगिरी. कारखान्यात येते त्यातली सगळ्यात शुद्ध.

“हे काय लावलंत?” शिवणयंत्रावरून मान वर करत बायकोने विचारलं.

“निलगिरीचं तेल. तिचं नाक मोकळं होईल.”

“डॉक्टरांना विचारलंत का?”

“तीस वर्षं वासाचंच काम करतोय. आता निलगिरी लावायला डॉक्टर कशाला?”

खोक्यातल्या बाईसाहेब लागोपाठ तीनदा शिंकल्या. शिंक एवढीशी, पण प्रत्येक शिंकेला सगळं अंग हलत होतं. डावा डोळा चिकटून अर्धा मिटला होता, उजव्यातून पाणी वाहत होतं. बायकोने कापडाच्या तुकड्याने ते टिपलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. पायडल मात्र ती हळू मारत होती.

साबणाच्या कारखान्यात तो वास तपासायचं काम करी. तिथे सगळे त्याला ‘नाक’ म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्याला ते आवडायचं. नव्या साबणाची वडी त्याने नाकाशी धरून मान डोलावली नाही, तर ती फाटकाबाहेर जात नसे. असं नाक जपावं लागतं. म्हणून घरात तळण नव्हतं, उदबत्ती नव्हती, अत्तर नव्हतं, सुगंधी तेल नव्हतं. फरशी नुसत्या पाण्याने पुसली जाई. कोंबडी शिजवायची तर पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसरंही ओतून द्यायचं, मग जे उरेल ते खायचं. पाहुणे आले की म्हणत, काय स्वच्छ घर आहे हो! खरं म्हणजे त्या घराला कसलाच वास नव्हता, आणि त्याला घराचं तेवढंच कौतुक होतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मांजर पाच वर्षांपूर्वी गॅलरीतून आपणहून आत आलं. प्रत्येक खुर्चीचा पाय, प्रत्येक दाराचा कोपरा हुंगून झाला, आणि घर मंजूर असल्यासारखं ते मधोमध बसलं. ती ऐट बघून बायकोने त्याच दिवशी नाव ठेवलं, बाईसाहेब. तेव्हापासून तो कामावरून आला की बाईसाहेब दारातच त्याची तपासणी करीत. आधी डावा बूट, मग उजवा, मग विजारीची कड, मग एकेक बोट. तो उंबऱ्यात मुकाट उभा राही.

“झाली का सही?” बायको आतून ओरडायची. “झाली असेल तर हात धुवा आणि जेवायला या.”

ती चेष्टा करायची, पण तो गमतीने उभा राहत नसे. एकदा त्याने एकाच साबणाच्या दोन वड्या घरी आणल्या होत्या. यंत्र म्हणत होतं, दोन्ही सारख्या आहेत. त्याला शंका होती, पण सांगता येत नव्हतं. बाईसाहेबांनी एक वडी हुंगली, दुसरीकडे नाक नेलं आणि झटकन मान फिरवली. त्याने सकाळी त्या दुसऱ्या वडीचा अख्खा घाणा नापास केला. पुढे कळलं की त्यातलं तेल जुनं होतं. कारखान्यात त्याची वाहवा झाली. खरं कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून तो गप्प बसला. पण त्या दिवसापासून त्याला त्या एवढ्याशा नाकापुढे आपण अगदी शिकाऊ आहोत असं वाटू लागलं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

परवा संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दारात कोणी आलं नाही. बूट तसेच राहिले. शिंका, डोळ्यांचं पाणी, नाकावर धरलेली खपली, हे सगळं नंतर दिसलं. कालपासून ताटलीलाही तोंड लागलं नव्हतं.

दुपारपर्यंत निलगिरीने नाक मोकळं झालं नाही. उलट मांजराच्या तोंडातून लाळ गळायला लागली. खोक्यातून उठून ते दोन पावलं चाललं आणि मागच्या पायांवर डगमगलं. बायकोने मशीन तसंच सोडलं, मांजर टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली,

“उठा. आता तुमचं काही ऐकायचं नाही.”

जनावरांची डॉक्टर तरुण होती. तिने टॉवेल उघडला, आणि मांजराला हात लावायच्या आधीच नाक वर करून हवा हुंगली.

“हिला काय लावलंत?”

“निलगिरीचं तेल,” तो म्हणाला. “अंगाला नाही, खोक्याला.”

“काका, निलगिरी म्हणजे मांजराला विष. नुसता वाससुद्धा नको.”

“तेल एकदम शुद्ध आहे.”

“मग विष शुद्ध म्हणायचं.”

बायकोने हसू दाबलं नाही, कारण तिला हसू आलंच नव्हतं. तिने हळूच विचारलं,

“आणि सर्दीची गोळी? मी अर्धी देणार होते.”

“दिली नाहीत ना? देव पावला म्हणायचा. आपल्या अर्ध्या गोळीनेही मांजर दगावतं.”

डॉक्टरने मांजराचं अंग कोमट पाण्याने पुसून काढलं, छाती ऐकली, ताप बघितला, डोळ्यांत थेंब टाकले. छाती साफ होती. सर्दीच होती, एका मांजराची दुसऱ्याला लागते तशी. गॅलरीच्या कठड्यावर कोणी बोका येतो का, असं तिने विचारलं. येत होता. आठ-दहा दिवसांत उतरेल म्हणाली. लाळही तासाभरात थांबेल, ती पट्टी आणि ते खोकं तेवढं घराबाहेर टाका. मग तिने वजन बघितलं आणि तिचा आवाज बदलला.

“खातेय का?”

“काल सकाळपासून काही नाही.”

“तिकडे लक्ष द्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडतं. सर्दीने नाही जाणार ही, पण उपासाने जाऊ शकते. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर घेऊन या. नळी घालावी लागेल. आणि तरीही सगळीच वाचतात असं मी सांगणार नाही.”

“भूकच मेलीय का तिची?” त्याने विचारलं.

“भूक आहे. पण नाक बंद आहे. मांजर हुंगल्याशिवाय खात नाही, काका. वास आला नाही, तर तिच्या लेखी ताटलीत काही नाहीच.”

“पण दिसतं ना तिला समोर?”

“दिसून काय उपयोग? ती डोळ्यांवर विश्वासच ठेवत नाही. वाफ द्या, साध्या पाण्याची. नाक पुसत राहा. आणि जे द्याल ते कोमट करून, भरपूर वास येईल असं द्या.”

टॉवेलातलं मांजर छातीशी धरून तो घरी निघाला. आपण एखादी वडी न हुंगता कधी हातात धरली आहे का, हे तो आठवत होता. धरली नव्हती. पण आपलं नाक बंद झालं असतं, तरी आपण जेवलो असतो. हे एवढंसं जनावर उपाशी मरेल, पण नाकाने हो म्हटल्याशिवाय घास घेणार नाही. भीती तर वाटतच होती, पण त्या भीतीत त्याला काहीतरी अफाट दिसलं होतं, आणि ते बायकोला कसं सांगावं हे त्याला सुचेना.

रविवारी सकाळी त्याने न्हाणीघर बंद करून गरम पाण्याच्या दोन बादल्या भरल्या आणि मांजराला मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. आरसा धुरकटला, शर्ट पाठीला चिकटला. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून तो नाकावरची खपली भिजवत राहिला. ओढायची नाही, भिजवायची. पाव तासाने ती सुटली, आणि एका नाकपुडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. त्याने श्वास रोखून तो आवाज ऐकला.

“एक बाजू उघडली!” तो आतून ओरडला.

बायकोने कोंबडी उकडून, बोटांनी मोकळी करून, कोमट करून ठेवली होती. बाईसाहेबांनी ताटलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. पुन्हा गरम करून दिली. पुन्हा भिंत. बोटावर घेऊन ओठाला लावली, तर ती त्यांनी मान झटकून उडवली. दुपारचे बारा वाजले. आता खांद्यांची हाडं कातडीखाली उठून दिसत होती.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्हाला तरी येतोय का याला वास?”

त्याने गुडघे टेकून ताटलीवर नाक धरलं. लांब श्वास घेतला. शहरातल्या अर्ध्या न्हाणीघरांत पोचलेले वास ज्या नाकाखालून गेले होते, त्या नाकाला ताटलीत उकळलेल्या पाण्यापलीकडे काही सापडेना.

“पहिलं पाणी फेकलंस?”

“दुसरंही फेकलं. हात आपोआप गेला.”

मग तिने ताटली उचलली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“मासे आणायला हवेत.”

तो शब्द त्या घरात इतक्या वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

“उद्या नव्या साबणाची मंजुरी आहे,” त्याने म्हणावं असं हे वाक्य होतं, पण तेही तीच म्हणाली. “मालक येणार आहेत. सहा महिने थांबलेत सगळे. मासे घरात आले की दोन दिवस तुमचं नाक कामाचं नाही. मला कळतंय ते.”

मांजराने हनुवटी जमिनीला टेकवून डोळे मिटले. शेपटीही हलत नव्हती.

“चल,” तो म्हणाला.

मासळीबाजारात तो तोंडाला रुमाल बांधूनच शिरला. जमिनीवर बर्फाचं पाणी वाहत होतं, त्यातून पाय उचलून टाकत तो बायकोमागे निघाला. पण तिला गाठता येईना. घरात ती दबक्या पावलांनी चालायची. इथे ती भराभर चालत होती, आणि कुठे पाणी साचतं, कुठे घसरतं, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. चार टोपल्या सोडून पाचवीपाशी ती थांबली. अंगठ्याने एका माशाचा कल्ला उचलला, पोट दाबलं, आणि मासा परत टाकला.

“हा कालचा. खालच्या टोपलीतला दाखव.”

“ताई, डोळा बघा की कसा चमकतोय!” मासेवाली म्हणाली.

“पाणी मारलं की डोळा चमकतोच. कल्ला दाखव.”

मासेवालीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि खळखळून हसली. खालची टोपली वर आली.

“कोणाच्या घरच्या हो तुम्ही?”

“नळापासून तिसरा ओटा. आईचा होता.”

“अगं बाई! मावशींची लेक तू? मग आधी नाही का सांगायचं! मला गिऱ्हाइकाशी भांडायला शिकवलं तुझ्या आईने.” तिने निवडून दोन मासे काढले. “कशाला हवेत? पाहुणे आलेत?”

“मांजराला.”

“मांजरासाठी एवढी पारख?”

“तिला फसवून चालत नाही,” बायको म्हणाली.

सासूबाईंचा मासळीचा ओटा होता हे त्याला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. पण आपल्याच माणसाचा रक्तगट माहीत असावा, तसं ते माहीत होतं. आत्ता तो बायकोच्या हातांकडे बघत होता. ती बोटं एकेक मासा उलटत होती, चिमटीत धरून सोडत होती, आणि कुठेही अडखळत नव्हती. इतक्या वर्षांत ज्या कामाला हात लागला नव्हता, ते काम हातांनी जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. त्याच्या तोंडावरचा रुमाल कधी खाली घसरला हे त्याला कळलंही नाही.

घरी येऊन तिने मासे साफ केले, थोड्याशा पाण्यात घातले आणि झाकण ठेवलं. मीठ नाही, काही नाही, डॉक्टरने सांगितलं होतं तसं. पाणी फेकायचा प्रश्नच नव्हता. पाच मिनिटांत झाकण थडथडू लागलं आणि वास स्वयंपाकघरातून बाहेर पडला. आधी लोखंडासारखा, मग तेलकट, आणि त्या दोन्हींच्या मागून एक जाडसर गोडवा. तो वास पडद्यांत शिरला, शिवायला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात शिरला, त्याच्या शर्टात शिरला. नव्या साबणाचा वास कसा होता ते त्याने आठवून पाहिलं. आठवेना. त्याने नाद सोडला.

बायकोने काटे काढले, लगदा केला, थोडा मनगटाला लावून किती गरम आहे ते पाहिलं आणि ताटली मांजरासमोर ठेवली.

काही झालं नाही.

तो फरशीवर पोटावर आडवा झाला. आता त्याचं तोंड आणि मांजराचं तोंड एका पातळीत होतं. एक मिनिट गेलं. मग ती मोकळी झालेली एक नाकपुडी थरथरली. अगदी किंचित, पाण्यावर मुंगी चालावी एवढीच. थांबली. पुन्हा थरथरली. डोळे अजून मिटलेलेच होते, पण मिशा एकेक करून पुढे आल्या. कान वळले. मान उचलली गेली, आणि ती मांजराने नाही, त्या वासानेच उचलली असं वाटलं. तोंड किंचित उघडं पडलं आणि मांजर नाकाने, तोंडाने, सगळ्या अंगाने तो वास आत घेत राहिलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लागावा आणि सगळ्या वस्तू पुन्हा आपापल्या जागी दिसाव्यात, तसं त्या डोक्यात काहीतरी होत असणार. त्याने जन्मभर वास घेतले होते. पण वास येणं म्हणजे काय असतं, हे तो आज हातभर अंतरावरून बघत होता.

जीभ बाहेर आली. एकदा चाटलं. मग पहिला घास.

“बघितलंस?” तो कुजबुजला. “अगं, बघितलंस का? खातेय!”

त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, फरशीवर तसाच पडून तो रडला आणि हसला. बाईसाहेबांनी अर्धी ताटली संपवली, दम घेतला, आणि पुन्हा तोंड घातलं. आता नळीची गरज नव्हती. त्याने वर बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि भांड्यात उरलेल्या काट्यांवरचं मांस काढून खात होती. बिनमिठाचं. सावकाश, एकेक काटा ओठांतून ओढत.

तो उठला, डोळे पुसले, आणि रोजच्या सवयीने खिडकीशी जाऊन कडी काढली.

“आई आली की तुम्ही असंच करायचात,” ती म्हणाली.

“काय?”

“खिडकी. ती दारात चपला काढत असायची, तोवर तुम्ही उठून खिडकी उघडायचात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती काटे वेगळे करत होती.

“लिंबाने हात घासून यायची ती. तीन-तीनदा. मग यायचीच बंद झाली. तुम्ही म्हणायचात, सासूबाई फार लाजाळू आहेत. शेवटच्या वर्षी जिन्याखाली उभी राहून मला खाली बोलवायची. पायऱ्यांवर बसून बोलायचो आम्ही.”

त्याचा हात कडीवरच राहिला. त्याला ते लिंबू आठवलं. दारातून आधी लिंबू यायचं आणि त्याच्याखालून मासळी. दोन्ही वास त्याने दर वेळी अचूक ओळखले होते. ते ओळखून झालं, की त्या बाईशी आपलं आणखी काही उरत नाही असं त्याला वाटत आलं होतं.

त्याने खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. तिच्याशेजारी ओट्याशी जाऊन उभा राहिला. पिशवीत दुसरा मासा तसाच होता.

“हा कसा करायच्या त्या?” त्याने विचारलं.

आता तिने मान वळवली आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा माणूस हे खरंच विचारतोय की मांजर जेवलं त्या आनंदात बरळतोय, हे ती ठरवत असावी.

“लसूण लागेल,” ती म्हणाली. “खूप लागेल. घरात नाहीये.”

“आणतो.”

“आणि उद्या? मालकांना काय सांगाल?”

“सर्दी झालीय म्हणेन.”

तो पिशवी घेऊन बाहेर पडला. दार उघडंच राहिलं, आणि वास त्याच्यासोबत जिना उतरला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने दारातून डोकं बाहेर काढलं. इतकी वर्षं शेजारी राहून तिने असं कधी विचारलं नव्हतं.

“अहो, कुठून येतोय हो हा वास?”

“आमच्या घरातून,” तो म्हणाला.